प्रदर्शन 'वॉच' करायचं की 'अटेंड' : एका अर्जातल्या क्रियापदाचं प्रकरण

प्रकरण माझ्या भाचीच्या अर्जाचं आहे. तिला विचारूनच लिहितेय आणि तिची ओळख पटेल असं सगळं गाळलंय. इंग्रजी मजकूर तपासून देणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे घरातलं कुणीही कुठला फॉर्म भरायला बसलं की शेवटी तो माझ्याकडेच येतो.

मुलगी सांगलीकडची. मुंबईत राहून बीएफए, म्हणजे कलेची पदवी केली, पण चित्रं काढण्यापेक्षा चित्रं कशी लावलीत, कुठल्या भिंतीवर काय आलंय, लेबल किती उंचीवर चिकटवलंय यातच तिचा जास्त जीव, म्हणून इंग्लंडमधल्या एका कॉलेजात क्युरेटिंगच्या, म्हणजे प्रदर्शनं रचण्याच्या, एमएला अर्ज करायचं ठरलं. फॉर्ममध्ये एक प्रश्न असा होता की तुम्ही साधारण कुठली प्रदर्शनं बघता ते सांगा, अलीकडच्या एका प्रदर्शनाबद्दल लिहा आणि त्याने तुमच्या विचारात काय फरक पडला तेही लिहा, सगळं मिळून 300 शब्दांत. विषय तिच्या हातचा मळ होता. अडलं ते पहिल्याच वाक्यात.

तिने लिहिलं होतं, 'आय रेग्युलरली वॉच एक्झिबिशन्स इन मुंबई.' आणि त्याच्याखाली, 'इन 2023 आय वॉच्ड द कोची बिएनाले.' कोची बिएनाले म्हणजे केरळात साधारण दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन.

रूममेटने वाचून सांगितलं की 'वॉच' काय गं, टीव्ही आहे का तो, 'अटेंड' लिही. मग ड्राफ्ट गेला तिच्या पप्पांकडे, म्हणजे आमच्या दाजींकडे. दाजी हायस्कूलला इंग्रजी शिकवून रिटायर झालेत आणि लाल पेन अजून खिशात असतं. त्यांनी 'अटेंड'वर काट मारून 'व्हिजिटेड टू' केलं. मग पोरीने तो पॅरेग्राफ एका ग्रामर ॲपमध्ये टाकला तर त्याने 'एक्सप्लोर' सुचवलं, आणि वाक्य अजून चांगलं कर म्हटल्यावर 'इमर्स मायसेल्फ इन' वर नेऊन ठेवलं. डॉक्युमेंट माझ्याकडे आलं तेव्हा एका शब्दाच्या जागी चार रंगांत चार शब्द होते आणि खाली मेसेज, मावशी, एकच सांग, यातलं बरोबर कुठलं?

एकच असं सांगता येत नाही, इथेच सगळी गंमत आहे. चारपैकी 'व्हिजिटेड टू' सोडलं तर बाकीचे शब्द इंग्रजीत कुठे ना कुठे बरोबरच आहेत, फक्त ते वेगवेगळ्या कामांना लागतात. आणि हिच्या दोन वाक्यांत दोन वेगळी कामं होती, त्यामुळे एक शब्द उचलून दोन्हीकडे चिकटवला असता तर एक तरी वाक्य लंगडं झालंच असतं.

मुळात आपल्याला हा प्रश्न पडतो तो मराठीमुळे. आपल्याकडे 'बघणं' सगळीकडे चालतं. मॅच बघतो, मालिका बघतो, प्रदर्शन बघतो, मुलगी बघायला जातो, वाट बघतो, आणि 'बघतो जमलं तर' म्हणून एखाद्या आमंत्रणाची बोळवणही करतो. इंग्रजीत या एका बघण्याचे तुकडे होतात. 'वॉच' कधी, तर समोरचं हलतंय, बदलतंय, पुढे सरकतंय आणि आपण नजर लावून त्याच्या मागे आहोत. मॅच, मालिका, रस्त्यावरची मिरवणूक, दुधाचं पातेलं. प्रदर्शनात उलट असतं, चित्रं जागच्या जागी असतात आणि हलतो आपण. त्यामुळे 'आय वॉच्ड द एक्झिबिशन' वाचल्यावर इंग्रजी कानाला असं वाटतं की बाई प्रदर्शनावर लक्ष ठेवून होती, काही चोरीला जाऊ नये म्हणून. भाचीला मी हेच सांगितलं, की गॅलरीत स्टुलावर बसलेला जो वॉचमन असतो ना, प्रदर्शन खऱ्या अर्थाने 'वॉच' तोच करतो. हसली, आणि 'वॉच' एकदाचं गेलं.

पण पूर्णपणे गेलं नाही. तिच्याच लिखाणात पुढे एका काळोख्या खोलीतल्या व्हिडिओचा उल्लेख होता, तीन पडद्यांवर चालणारा, ती बाकावर बसून सुरुवातीपासून शेवटपर्यंत थांबली होती. तिथे तिने काय लिहिलं होतं, तर 'आय सॉ अ व्हिडिओ'. आता हे चूक नाही, पण 'वॉच' सगळ्यात जास्त शोभतं ते नेमकं इथेच! समोर काहीतरी चाललंय, त्याला वेळ लागतोय, आणि तू तो वेळ दिलास. 'सॉ' म्हटलं तर पडदा सारून डोकावून गेलीस असंही होऊ शकतं, आणि व्हिडिओ आर्टच्या खोल्यांत बहुतेक लोक तेच करतात. म्हणून वरच्या वाक्यातून काढलेलं 'वॉच' आम्ही उचलून खाली आणलं. परफॉर्मन्सला पण तेच लागतं. आणि 'एक्झिबिशन मॅच' असेल, म्हणजे सचिनबिचिन रिटायर झाल्यावर खेळतात तसली, तर तीही 'वॉच'च करायची, कारण तिथे बघायची असते ती मॅच, 'एक्झिबिशन' नुसतं विशेषण.

आता 'अटेंड'. रूममेट बिचारी पूर्ण चुकीची नव्हती. एखाद्या प्रदर्शनाला गर्दी झाली तर इंग्रजीत 'वेल अटेंडेड' म्हणतातच, हजेरीचा आकडा सांगताना 'अटेंडन्स' म्हणतात, आणि ट्रेड फेअर, एक्स्पो असलं काही असेल तर 'अटेंड' अगदी रुळलेलं आहे. पण 'अटेंड'च्या पोटात घड्याळ असतं. ठरलेल्या वेळी सुरू होणारी, ठरलेल्या वेळी संपणारी गोष्ट, जिथे तुम्ही हजर असता नाहीतर गैरहजर असता. लेक्चर, लग्न, मीटिंग, उद्घाटन, वर्कशॉप. महिनाभर उघडं असलेलं चित्रप्रदर्शन तसं नसतं, तिथे मंगळवारी दुपारी जा नाहीतर शनिवारी संध्याकाळी, कुणी हजेरी घेत नाही. म्हणून एकट्याने निवांत जाऊन चित्रं बघून येणाऱ्या माणसाने 'आय अटेंडेड द एक्झिबिशन' लिहिलं तर ते चूक म्हणून कुणी कापणार नाही, पण ऑफिसने पाठवलं म्हणून गेल्यासारखं वाटतं. मराठी पेपरात 'मान्यवरांनी हजेरी लावली' असतं ना, तो वास येतो त्याला.

हा फरक भाचीला पटवायला मला कोचीचंच उदाहरण मिळालं, आणि ते इतकं चपखल आहे की इथे जरा सविस्तर सांगते. कोची-मुझिरिस बिएनालेची पहिली आवृत्ती 12 डिसेंबर 2012 ला सुरू झाली, म्हणजे 12-12-12, आणि तेव्हापासून 12 डिसेंबर ही तारीख त्यांनी धरून ठेवलीय. पाचवी आवृत्ती खरं तर 2020 ला व्हायची, करोनामुळे लांबत लांबत 2022 वर आली. 12 डिसेंबर 2022 ला उद्घाटन झालं, देशोदेशीचे लोक तिकिटं काढून फोर्ट कोचीला पोचले होते, आणि ऐनवेळी जाहीर झालं की काम पूर्ण झालेलं नाही, मुख्य प्रदर्शन आता 23 डिसेंबरला उघडेल. म्हणजे 12 तारखेला तिथे असलेल्या आणि 23 च्या आत परतलेल्या माणसाचं वाक्य इंग्रजीत काय होईल? 'आय अटेंडेड द ओपनिंग, बट आय डिडंट सी द एक्झिबिशन.' उद्घाटनाला हजर होतो, प्रदर्शन काही बघायला मिळालं नाही. दोन्ही क्रियापदं एकाच वाक्यात, एकाच गावात, आणि एकाच्या जागी दुसरं ठेवलं तर वाक्याचा अर्थच राहत नाही. भाची स्वतः गेली होती फेब्रुवारीत, सगळं सुरळीत झाल्यावर, त्यामुळे तिने 'अटेंडेड द बिएनाले' लिहिलं असतं तर ती उद्घाटनाच्या गर्दीत होती की काय असा उगाच संशय आला असता.

मग बिएनालेला नक्की काय म्हणायचं? इथे 'व्हिजिट' आणि 'गो टू' कामाला येतात, कारण बिएनाले म्हणजे एक हॉल नाही. ॲस्पिनवॉल हाऊस, पेपर हाऊस, आनंद वेअरहाऊस, आणि पाण्यापलीकडे एर्नाकुलमला दरबार हॉल, तिथे जायचं तर बोट पकडा. हे सगळं 'आय सॉ द कोची बिएनाले' असं एका घासात म्हणता येतं, लोक म्हणतातही, पण क्युरेटिंगला अर्ज करणाऱ्या मुलीने म्हटलं तर मुलाखतीत कुणीतरी विचारणार, सगळं बघितलंस? 'आय व्हिजिटेड' किंवा 'आय वेंट टू' यात तेवढा दावा नसतो. गेले होते, एवढं खरं, आता त्यातलं काय बघितलं ते पुढच्या वाक्यात सांगते.

आणि 'व्हिजिट'ची ताकद जिथे आहे तिथेच त्याची कमजोरी पण आहे, ही गोष्ट दाजींना पटवायला मला जास्त वेळ लागला. 'व्हिजिट' जागेला चिकटतं. म्युझियमला, गॅलरीला, देवळाला, किल्ल्याला. तुम्ही दारातून आत गेलात की 'व्हिजिट' झाली. आत जाऊन काय केलंत याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. जहांगीर आर्ट गॅलरीचंच बघा. 1952 पासून काळा घोड्याला उभी आहे, तिकीट नाही, आणि 2015 पर्यंत आत समोवार नावाचं कॅफे होतं. आमच्या पिढीतले कितीतरी लोक 'जहांगीरला जाऊन आलो' म्हणायचे आणि ते चहा-पराठा खाऊन, गप्पा मारून, भिंतीकडे न बघता परत आलेले असायचे. त्या लोकांनी 'आय व्हिजिटेड जहांगीर आर्ट गॅलरी' लिहिलं असतं तर एक अक्षर खोटं नव्हतं. कॉलेजला मात्र हे कळायला हवं होतं की ही मुलगी भिंतीकडे बघते.

दाजींचं म्हणणं असं की फॉर्ममध्ये प्रश्नातच 'व्हिजिटेड' शब्द आहे, मग उत्तरात तोच नको का? शाळेत आपण तसंच शिकवतो, प्रश्नातलं क्रियापद उचला आणि उत्तर सुरू करा. मी म्हटलं, दाजी, ते दहावीच्या पेपरात, इथे मार्क त्याला नाहीत. प्रश्न विचारणाऱ्याने 'व्हिजिटेड' लिहिलं कारण त्याला माहीत नाही की समोरचा कुठे गेला होता, म्युझियम, गॅलरी, बिएनाले की कुणाचा गोडाऊनमधला शो, म्हणून त्याने सगळ्यांत मोठा शब्द घेतला. उत्तर देणाऱ्याला माहीत आहे की आपण काय केलं, तर त्याने नेमका शब्द घ्यावा. यावर ते काही बोलले नाहीत, पण पेन खिशात गेलं, म्हणजे मान्य.

'व्हिजिटेड टू'मधलं 'टू' मात्र मी लगेच उडवलं आणि तिथे चर्चा नाही. हे 'टू' आपल्या 'ला' मधून येतं, 'प्रदर्शनाला भेट दिली', मग 'ला' साठी काहीतरी हवं म्हणून 'टू'. इंग्रजीत क्रियापद असेल तर थेट, 'व्हिजिटेड द एक्झिबिशन'. नाम असेल तर 'टू' येतं, 'माय व्हिजिट टू द एक्झिबिशन'. 'पेड अ व्हिजिट टू' हे पण बरोबर आहे पण जरा फेटा बांधलेलं इंग्रजी आहे. आणि 'गेव्ह अ व्हिजिट' नाहीच, भेट आपण मराठीत देतो, इंग्रजीत ती 'पे' करतात. त्याच जातीचं दुसरं म्हणजे 'वेंट फॉर अ‍ॅन एक्झिबिशन'. आपल्याकडे 'मूव्हीला जाऊया'चं 'लेट्स गो फॉर अ मूव्ही' होतं आणि भारतात कुणाला खटकत नाही, पण तिकडच्या वाचकाला 'गो फॉर' म्हटलं की वॉक, स्विम, कॉफी असलं काहीतरी अपेक्षित असतं. प्रदर्शनाला 'गो टू'.

राहिलं 'सी', आणि माझं मत विचाराल तर प्रदर्शनाच्या बाबतीत हेच मूळ क्रियापद, बाकी सगळी गरज पडली तर. लंडनमध्ये 1972 साली ब्रिटिश म्युझियममध्ये तुतनखामुनच्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं होतं, 16 लाखांहून जास्त लोक येऊन गेले, तासन्‌तास रांगा लागल्या, आणि त्याबद्दल इंग्रजीत कुठेही वाचा, लोक रांगेत उभे राहिले ते 'टू सी'. रांग लावून कुणी 'टू अटेंड' उभं राहत नाही.

भाचीच्याच आयुष्यात असं एक प्रदर्शन होतं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नोव्हेंबर 2017 ते फेब्रुवारी 2018 मध्ये 'इंडिया अँड द वर्ल्ड' नावाचं मोठं प्रदर्शन झालं होतं, ब्रिटिश म्युझियम, दिल्लीचं नॅशनल म्युझियम आणि आपलं म्युझियम अशा तिघांनी मिळून केलेलं, जगभरातल्या वस्तू भारतातल्या वस्तूंशेजारी मांडलेल्या. ती तेव्हा शाळेत होती, आई तिला घेऊन गेली होती, आणि एका संस्कृतीची वस्तू दुसरीच्या शेजारी ठेवली की दोन्हींचं काहीतरी वेगळंच दिसायला लागतं हे तिला तिथे पहिल्यांदा जाणवलं. तिने लिहिलं होतं, 'आय व्हिजिटेड द एक्झिबिशन इन 2017.' मी विचारलं, अगं, ते प्रदर्शन आज कुठे आहे? म्हणाली, ते नंतर दिल्लीला गेलं आणि मग संपलंच की. मग बघ, म्युझियम 1922 पासून लोकांसाठी उघडं आहे आणि उद्याही तिथेच असेल, त्याला 'व्हिजिट' कर हवं तितकं. प्रदर्शन आलं आणि गेलं, ते तू बघितलंस, 'आय सॉ'. आणि वाक्य झालं, 'आय फर्स्ट सॉ ऑब्जेक्ट्स फ्रॉम डिफरंट कल्चर्स प्लेस्ड साइड बाय साइड इन…' असं काहीतरी, ज्यात प्रदर्शनापेक्षा तिला काय दिसलं ते पुढे आलं. 'व्हिजिट'ने हे झालं नसतं, कारण 'व्हिजिट'च्या पुढे जागेशिवाय फारसं काही ठेवता येत नाही. 'सी'च्या पुढे काय हवं ते ठेवता येतं.

पण 'सी' सवयीच्या वाक्यात जरा अडखळतं. तिचं पहिलं वाक्य सवयीचं होतं, मी नेहमी प्रदर्शनं बघते. 'आय रेग्युलरली सी एक्झिबिशन्स' बरोबर आहे तरी कसं कोरडं वाटतं, आणि मध्ये तिने एकदा 'आय अ‍ॅम सीइंग मेनी एक्झिबिशन्स' करून बघितलं होतं, जे अजूनच विचित्र, कारण 'आय अ‍ॅम सीइंग' म्हटलं की इंग्रजीत आधी डोक्यात येतं ते कुणासोबत तरी फिरणं. सवयीला इंग्रजी माणूस सरळ 'गो टू' वापरतो. 'आय गो टू अ लॉट ऑफ एक्झिबिशन्स.' यावर दाजींचा व्हॉइस मेसेज आला, की 'गो टू' म्हणजे चौथीच्या पुस्तकातलं वाक्य झालं, एमएच्या अर्जात काहीतरी भारदस्त नको का? हा गैरसमज आपल्याकडे फार खोल आहे, की साधं इंग्रजी म्हणजे कच्चं इंग्रजी. 'गो टू' जिथे बसतं तिथे 'फ्रीक्वेंट' घातलं की वाक्य भारदस्त होत नाही, ते कोट घालून लग्नाला आल्यासारखं दिसतं, तेही मे महिन्यात. मी फक्त एवढं केलं की 'गो टू'च्या पुढे 'एक्झिबिशन्स' हा गुळमुळीत शब्द न ठेवता नावं घातली. जहांगीरला शो साधारण आठवड्याला बदलतात, ही दर आठवड्याला जायची, मग तेच लिही की! समोर फूटपाथवर आर्ट प्लाझात चित्रं लावलेली असतात तीही बघायचीस ना, तेही लिही. पलीकडे एनजीएमएला, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टला जायचीस, सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये 1996 ला सुरू झालं ते, तेही. नावं आली की 'गो टू' कुणाला पोरकट वाटत नाही.

ॲपने सुचवलेल्या शब्दांबद्दल थोडक्यातच. 'एक्सप्लोर', 'एक्स्पिरियन्स', 'इमर्स' हे सगळे प्रदर्शन विकणाऱ्याचे शब्द आहेत. तिकिटाच्या पानावर 'एक्स्पिरियन्स द एक्झिबिशन' लिहितात कारण त्यांना तुम्हाला आत आणायचंय. बघून आलेल्या माणसाने तेच शब्द वापरले तर तो माहितीपत्रक वाचून बोलतोय असं वाटतं. अशा अर्जांच्या गठ्ठ्यात 'इमर्स' इतक्यांदा येत असेल की वाचणारे त्यावरून डोळे तसेच पुढे नेत असणार.

पण या शब्दांत एक खरी शंका दडलेली होती आणि ती भाचीनेच काढली. म्हणाली, मावशी, आमच्या सीनियर्सनी 2016 च्या बिएनालेत राउल झुरितांचं काम बघितलं होतं, चिलीचे कवी, ॲस्पिनवॉल हाऊसमध्ये एका मोठ्या गोडाऊनमध्ये समुद्राचं पाणी भरलेलं, गुडघ्यापर्यंत, आणि त्यातून चालत जाऊन भिंतीवरच्या ओळी वाचायच्या. तिथे 'सॉ' कसं चालेल? ते 'एक्स्पिरियन्स'च नाही का? मला प्रश्न आवडला. पण बघा, तिने मला मराठीत सांगताना 'अनुभवलं' नाही म्हटलं, 'चालत जाऊन वाचायच्या' म्हटलं. तेच इंग्रजीत न्यायचं, 'वॉक्ड थ्रू', 'वेडेड थ्रू' म्हणजे पाण्यातून वाट काढत गेले, 'रेड' म्हणजे वाचलं. शरीराने जे केलं ते क्रियापद. 'एक्स्पिरियन्स' लिहिलं की पाणी गायब होतं आणि उरते नुसती भावना, ती सुद्धा कुठली ते सांगितलेलं नाही.

सुट्या चित्राची गोष्ट अजून वेगळी. प्रदर्शन 'सी' होतं, पण त्यातल्या एका चित्रासमोर उभं राहून निरखलं तर ते 'लुक अ‍ॅट'. 'आय सॉ द शो बट आय लुक्ड अ‍ॅट ओन्ली थ्री पेंटिंग्ज' हे वाक्य इंग्रजीत अगदी नीट अर्थाचं आहे आणि गर्दीच्या प्रदर्शनात बहुतेकांच्या बाबतीत खरंही. क्युरेटिंगवाल्यांना 'लुकिंग'चं फार कौतुक असतं, हे भाचीलाच माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, फक्त तिला ते इंग्रजीत 'सी'पासून वेगळं काढता येत नव्हतं. मराठीत दोन्ही 'बघणं'च ना. फार तर 'निरखणं', पण ते बोलताना कोण म्हणतं.

'व्ह्यू' पण तिने एके ठिकाणी घातलं होतं, 'आय व्ह्यूड द आर्टवर्क्स'. हे क्रियापद गॅलरीच्या बाजूचं आहे. 'कॅन बी व्ह्यूड अनटिल मार्च', 'व्ह्यूइंग बाय अपॉइंटमेंट', असं संस्था लिहितात. बघणाऱ्याने स्वतःबद्दल वापरलं तर फ्लॅट बघायला आलेल्या गिऱ्हाइकासारखं वाटतं. नामात मात्र इंग्लंडमध्ये ते जोरात आहे, तिथे उद्घाटनाच्या संध्याकाळी बोलावलेल्यांसाठी जो कार्यक्रम असतो त्याला 'प्रायव्हेट व्ह्यू' म्हणतात, आपल्याकडे आणि अमेरिकेत 'ओपनिंग' म्हणतात तोच. नावात 'प्रायव्हेट' असलं तरी खाजगी वगैरे काही नसतं, वाइन असते आणि चित्रांसमोर इतकी माणसं की चित्र दिसत नाही. त्याला क्रियापद परत 'गो टू' किंवा 'अटेंड'. बघा, इथे 'अटेंड' आलं, वेळ ठरलेली आहे ना.

आणि 'एक्झिबिट'. तिच्या ड्राफ्टमध्ये निम्म्या ठिकाणी 'एक्झिबिशन' आणि निम्म्या ठिकाणी 'एक्झिबिट' होतं, कारण ती न्यूयॉर्कच्या म्युझियम्सचे व्हिडिओ फार बघते. अमेरिकेत अख्ख्या प्रदर्शनाला 'एक्झिबिट' सर्रास म्हणतात. इंग्लंडमध्ये 'एक्झिबिट' म्हणजे प्रदर्शनातली एक वस्तू. अर्ज इंग्लंडला, म्हणून 'आय सॉ अ लार्ज एक्झिबिट' वाचून त्यांना वाटणार की बाईने एक मोठी वस्तू बघितली. सगळीकडे 'एक्झिबिशन' केलं, एक-दोन ठिकाणी पुन्हा पुन्हा तोच शब्द नको म्हणून 'शो'.

शेवटी जे गेलं ते साधारण असं. सवयीला 'आय गो टू', पुढे जहांगीर आणि एनजीएमए. शाळेतल्या आठवणीला 'आय सॉ'. कोचीला 'आय व्हिजिटेड द फिफ्थ एडिशन', लगेच पुढच्या वाक्यात 'आय वॉच्ड' तो तीन पडद्यांचा व्हिडिओ, 'ट्वाइस', कारण ती खरंच परत जाऊन बसली होती. बोटीने दरबार हॉलला गेल्याचं वाक्य शब्दमर्यादेत बसेना म्हणून काढावं लागलं, त्याचं मला वाईट वाटलं, ते सगळ्यात जिवंत वाक्य होतं. 'अटेंड' एकदाच आलं, मुंबईतल्या एका वर्कशॉपसाठी. दाजींना कॉपी पाठवली तर म्हणाले, सोपं झालंय, पण बरं झालंय.

ऑनलाइन मुलाखत झाली. व्हिडिओवर दोघंजण होते, आणि त्यातल्या एका बाईंनी त्या 2017 च्या प्रदर्शनावरून विचारलं, 'अँड डिड यू गेट टू सी इट अगेन इन डेल्ही?' भाची म्हणाली, 'नो, आय डिडंट गेट टू.' मुलाखत संपल्या संपल्या मला फोन, मावशी, हे 'गेट टू सी' तू सांगितलंच नव्हतंस की! आता हे तर आपल्या 'बघायला मिळालं'च्या अगदी शेजारचं आहे, संधी मिळाली का, जमलं का, योग आला का, आणि तिने त्यांचं वाक्य ऐकून तसंच परत दिलं ते बरोबरच दिलं. विचारत होती, फॉर्ममध्ये घातलं असतं तर चाललं असतं का? बोलताना मस्त, ईमेलमध्येही चालेल, फॉर्ममध्ये मी 'सॉ'च ठेवलं असतं.